जानापाववर तीन आकडे, आणि एल वर अडकलेलं सोलर घड्याळ

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मे महिन्यात ओळखीच्यांकडून वापरलेलं तीन सेन्सरवालं (दाब-उंची, तापमान, कंपास) सोलर घड्याळ घेतलं, पाऊस लागल्यापासून बॅटरी एच (भरलेली) वरून एम (मध्यम) आणि आता एल (कमी) वर आलीये. ऑगस्टमध्ये इंदूरजवळच्या जानापाव टेकडीवर गेलात, आदल्या रात्री १० ला इंदूरच्या घरी ५५३ मीटर सेट केलं होतं, दुसऱ्या दिवशी दुपारी ४ ला माथ्यावर घड्याळ म्हणे ८६८, मोबाईलचं अ‍ॅप म्हणे ७९७ आणि नकाशात ८५४. वर तापमान ३३ दाखवतंय आणि सगळे वाऱ्यात कानाला रुमाल बांधून बसलेत, आणि कंपास बाइकवर ठेवला की भलतीकडेच बघतो. तर हे विकून जीपीएसवालं सोलर घ्यावं का.

नका विकू. निदान अजून तरी नका. राजवाड्याजवळ आमचं घड्याळांचं दुकान वडिलांपासूनचं, मी स्वतः २६ वर्षं बसतोय, आणि रविवारी पाय मोकळे करायला महूच्या बाजूच्या टेकड्यांवर जातो, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगू शकतो. तुम्ही जे लिहिलंय त्यातलं नव्वद टक्के बिघाड नाहीच. ते तीन आकडे तर इतके सुंदर आलेत ना की मी दुकानातल्या पोराला वहीत उतरवायला लावले. पण आधी बॅटरी, कारण एल वर असताना सेन्सर तसेही बंद पडतात आणि मग सगळीच चर्चा फुकट.

लोकांना वाटतं सोलर घड्याळ उन्हावर चालतं. ते चालतं आतल्या सेलवर, ऊन फक्त त्या सेलमध्ये थेंब थेंब भरत राहतं. कॅसिओच्या अशा तीन सेन्सरवाल्या मॉडेलांच्या माहितीपत्रकात एक तक्ता असतो, एका दिवसाचा साधा खर्च भरून काढायला किती वेळ प्रकाश लागतो त्याचा. बाहेरचं ऊन, ५०,००० लक्स (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं माप), तर ५ मिनिटं. खिडकीतून आत येणारं ऊन, १०,००० लक्स, २४ मिनिटं. ढगाळ दिवशी खिडकीपाशी, ५,००० लक्स, ४८ मिनिटं. आणि ट्यूबलाइटखाली, ५०० लक्स, ८ तास. हे आकडे एकदा नीट बघा. ऑफिसात टेबलावर ५०० लक्स मिळालं तरी नशीब, बऱ्याच ठिकाणी ३०० च्या आसपासच असतं, त्यात तुम्ही लिहिलंय फुल बाह्यांचा शर्ट घालता, म्हणजे घड्याळ बाहीच्या आत. सकाळी स्कूटरवर रेनकोट, संध्याकाळी अंधारात परत. मे मध्ये विकणाऱ्याने उन्हात फिरवून दिलं असणार, तेव्हा एच दिसत होतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्या घड्याळाने ऊन पाहिलेलंच नाहीये. भिया, बँकेत भरणा बंद आणि एटीएम चालू, अजून काय होणार.

आणि तो तक्ता साध्या खर्चाचा आहे हे पण लक्षात ठेवा. मधूनमधून लाइट, थोडा कंपास, क्वचित उंची, एवढं धरून. तुम्ही जानापावला चढताना अख्खा वेळ अल्टिमीटर (उंची मोजणारा भाग) उघडा ठेवला असेल तर तो दिवस साधा नव्हता. दर ५ सेकंदांनी दाब मोजणं आणि वर अंधार पडल्यावर मिनिटामिनिटाला लाइट, यात सेलचा व्होल्टेज थोडा वेळ खाली बसतो, स्क्रीनवर रिकव्हर असं काहीतरी येतं आणि बटणं दाबली तरी सेन्सर चालत नाहीत. घाबरू नका, पंधरावीस मिनिटं तसंच सोडलं की बरेचदा परत येतं. पण ते वारंवार यायला लागलं तर समजा साठा कमी आहे, ऊन दाखवा.

आता एक गोष्ट जी नव्वद टक्के लोक बघत नाहीत. मल्टी बँड रेडिओवालं, म्हणजे रेडिओ सिग्नलवरून वेळ आपोआप लावून घेणारं असेल तर रात्री ते जपान, अमेरिका, इंग्लंड, जर्मनी, चीन इथल्या वेळेच्या सिग्नलसाठी कान लावून बसतं. आपल्याकडे त्या स्टेशनांचा सिग्नल भरवशाने येत नाही. होम सिटी (घड्याळात आपलं म्हणून निवडलेलं शहर) चुकून टोकियो किंवा हाँगकाँग राहिली असेल (वापरलेलं घेतलंय ना, बघा आधी कुठली आहे ते) तर रोज रात्री प्रयत्न, रोज रात्री फेल, आणि खर्च मात्र होतोच. होम सिटी दिल्ली करा, तो उद्योग बंद होतो. महिन्याला १५ सेकंद इकडेतिकडे झालं तर मोबाईलवर बघून हाताने लावून घ्या, त्यात काय एवढं.

चार्ज कसं करायचं तर ढगाळ दिवस असो नसो, गच्चीत नाहीतर खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर डायल वर करून दोन-तीन दिवस. आमच्याकडे मी काय करतो सांगतो. पसरट स्टीलचं ताट, त्यात घड्याळ बुडेल इतपत पाणी, आणि ताट उन्हात. २०० मीटर वॉटर रेझिस्टन्सवालं असेल आणि मागचं झाकण कुणी उघडून गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी रिंग) खराब केलेलं नसेल तरच हां. पाण्यामुळे घड्याळ तापत नाही आणि ऊन पूर्ण मिळतं. काचेचा गोल ग्लास नको, तो भिंगासारखा ऊन एका जागी गोळा करतो. आणि पाण्यात असताना बटणं दाबायची नाहीत, पोरांना हेच करायचं असतं.

कारच्या डॅशबोर्डवर मात्र कधीच नाही. माझं स्वतःचं एक चांगलं सोलर घड्याळ असंच गेलं. मे महिना, उज्जैनला लग्न, गाडी उन्हात लावली आणि म्हटलं तेवढंच चार्ज होईल. चार तासांनी आलो तर स्क्रीन पूर्ण काळी, शाईच्या दौतीत बुडवल्यासारखी. गार झाल्यावर स्क्रीन परत आली, ते तर होतंच, पण सेल मेला तो मेलाच, त्यानंतर कितीही ऊन दाखवलं तरी दोन दिवसांत खाली. बंद गाडीत डॅशबोर्ड सहज ७० अंशांवर जातो, आणि छोट्या रिचार्जेबल सेलला तिथे चार्ज करणं म्हणजे तापल्या तव्यावर दूध ठेवून आंघोळीला जाणं.

सेलवरून आठवलं, हे तुमच्यासाठी खास, कारण वापरलेलं घेतलंय. या घड्याळांत साधा बटणसेल नसतो. बऱ्याच मॉडेलांत सीटीएल १६१६ नावाचा रिचार्जेबल सेल असतो, २.३ व्होल्टचा. त्याच मापाचा साधा सीआर १६१६ मिळतो, ३ व्होल्टचा, चार्ज न होणारा, आणि किमतीत जमीनअस्मानाचा फरक. पुष्कळ दुकानांत, नाव कशाला घ्या, तो साधाच बसवून देतात. गिऱ्हाईक खूश, कारण व्होल्टेज जास्त म्हणून इंडिकेटर महिनोन्‌महिने एच वर चिकटलेला. मग काही दिवसांनी सेल फुगतो नाहीतर गळतो, कारण सोलर पॅनल त्याला चार्ज करायला बघतं आणि तो चार्ज होणाऱ्या जातीचाच नाही. माझ्याकडे असे आलेले आहेत, आत सर्किटवर हिरवट बुरा, काडीने खरवडून काढावा लागतो. तुमचं एच-एम-एल असं हळूहळू खाली आलंय म्हणजे बहुतेक सेल बरोबर आहे, हीच मला त्यातली चांगली बातमी वाटली. तीन दिवस चांगलं ऊन देऊनही एम च्या वर जात नसेल तर मात्र सेल म्हातारा झालाय, बदलून घ्या, आणि बदलणाऱ्याने झाकण लावायच्या आधी एसी (AC) लिहिलेल्या टोकाला चिमटा टेकवून रिसेट केलं का, गॅस्केटला सिलिकॉन ग्रीस लावलं का, एवढं समोर उभं राहून बघा. रिसेट विसरला की स्क्रीनवर अर्धवट आकडे येतात आणि मग घड्याळ खराब म्हणून परत करतात.

आता जानापाव.

घड्याळाला उंची कळत नाही. त्याला फक्त हवेचा दाब कळतो. वर गेलं की दाब कमी होतो, इंदूरच्या उंचीला साधारण ९ मीटरला १ हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं माप), त्यावरून ते मनातल्या मनात हिशोब करून मीटर दाखवतं. म्हणजे तुम्ही जागचे हलला नाहीत पण दाब बदलला, तरी त्याला वाटणार तुम्ही चढलात किंवा उतरलात. आणि दाब तर रोज बदलतो, घड्याळाच्या काट्यासारखा. सकाळी १० च्या सुमाराला चढलेला, दुपारी ४ ला उतरलेला, रात्री १० ला परत वर, पहाटे ४ ला परत खाली. समुद्राला चंद्रामुळे भरती येते तशी हवेला उन्हामुळे येते, आणि आपल्यासारख्या उष्ण भागात ती चांगली जाणवते. मी एका जानेवारीत दुकानाच्या काउंटरवर घड्याळ ठेवून नोंदलंय, सकाळी ९४९, दुपारी ४ ला ९४६. काउंटर तिथेच होता, मी पण तिथेच होतो, अल्टिमीटर म्हणत होता आपण २७ मीटर वर गेलो. (इंदूरमध्ये घड्याळ ९४७-९४८ दाखवतं आणि मोबाईल १०१० म्हणतो म्हणून पण लोक घेऊन येतात दुरुस्तीला. मोबाईल समुद्रसपाटीचा दाब दाखवतो, घड्याळ तुमच्या मनगटापाशी आहे तो. दोन्ही बरोबर.)

तुम्ही सेट केलं रात्री १० ला, दाब वर असताना. वाचलं दुपारी ४ ला, दाब सगळ्यात खाली असताना. म्हणजे तीनएक हेक्टोपास्कल तिथेच गेले, घड्याळाने ३० मीटर फुकटचे चढवले. मग ८५४ चे ८८४ का नाही आले. कारण दुसरी चूक उलट्या दिशेने चालली होती. घड्याळाच्या आतला हिशोब एका ठरलेल्या हवेवर बांधलेला आहे, समुद्रसपाटीला १५ अंश आणि दर किलोमीटरला साडेसहा अंश कमी. म्हणजे ७०० मीटरवर त्याच्या मते साडेदहा अंश असायला हवेत. ऑगस्टात पाऊस असला तरी आपल्याकडे २६-२७ असतात. गरम हवा फुगलेली असते, तेवढाच दाब कमी व्हायला जास्त उंच चढावं लागतं, म्हणून उन्हाळ्यात घड्याळ चढ कमी मोजतं. मोटा हिशोब, दर ११ अंशांच्या फरकाला चार टक्के. तुमच्या तीनशे मीटरच्या चढात सोळाएक मीटर यात गेले. ३० वर, १६ खाली, उरले १४, आणि ८५४ अधिक १४ म्हणजे ८६८. आता मीच म्हणतो की आकडे इतके चोख जुळणं हा थोडा योगायोग पण आहे, सेन्सरला स्वतःची तीनेक हेक्टोपास्कलची सवलत कंपनीनेच दिलेली असते, पण दोन्ही कारणं आणि दोन्ही दिशा पक्क्या. मे महिन्यात ४२ अंशांत जाऊन बघा, तीनशेचा चढ २७० दाखवेल, तेव्हा घड्याळाला दोष देऊ नका.

मोबाईलचं ७९७ ही वेगळीच गंमत. जीपीएस समुद्रसपाटीपासून उंची मोजत नाही, पृथ्वीच्या एका गणिती अंडाकार आकारापासून मोजतो. खरी समुद्रसपाटी आणि तो आकार यात जागोजागी फरक असतो, आणि आपण नेमके त्या भागात बसलोय जिथे तो फरक मोठा आहे, श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तर समुद्र त्या आकाराच्या शंभरावर मीटर खाली आहे. इंदूरकडे पन्नास-साठ मीटर. चांगली अ‍ॅप्स हा फरक जोडून घेतात, काही साधी अ‍ॅप्स कच्चा आकडा तसाच फेकतात. ८५४ आणि ७९७ मध्ये किती फरक आहे? ५७. झालं तर मग. मोबाईल पण खोटं बोलत नव्हता, त्याचा शून्य वेगळा होता.

उपाय काय, तर निघायच्या जागी, निघायच्या वेळी सेट करायचं, आदल्या रात्री नाही. आणि ५५३ हा इंदूरचा म्हणून छापलेला आकडा आहे, तुमच्या घराचा नाही, रामबागेत वेगळा आणि राऊला वेगळा. सगळ्यात सोपं म्हणजे रेल्वे स्टेशन. फलाटाच्या टोकाला त्या मोठ्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, इंग्रजांच्या काळापासूनची पद्धत. जानापावला जाताना महूवरूनच जाता, पाच मिनिटं थांबा, पाटीपाशी उभे राहून तो आकडा घड्याळात भरा, मग वर जा. वर पोचल्यावर माथ्याचा आकडा माहीत असेल तर परत सेट करा, म्हणजे उतरताना हिशोब ताजा. दोन तासांत चढून उतरलात तर दाबाच्या भरतीओहोटीची चूक दहा मीटरच्या आत बसते, गरम हवेची तेवढी उरते, याहून जास्त अपेक्षा मनगटावरच्या वस्तूकडून मी तरी करत नाही.

याच्या उलट गंमत मानपूरच्या घाटात होते. महेश्वरला जाताना घाट उतरून धामनोदकडे गेलात की साडेतीनशे-चारशे मीटर खाली येता, चाळीसेक हेक्टोपास्कल दाब वाढतो, आणि बॅरोमीटरचा, म्हणजे घड्याळातल्या दाबाचा, आलेख सरळ वर, जसं काही आकाश एकदम निरभ्र होणार. आणि परत येताना वादळाचा इशारा. एकदा माझ्या मेहुण्याने त्या बीपवर विश्वास ठेवून गाडी बाजूला घेतली होती, छत्री काढून. बॅरोमीटर हवामानासाठी वापरायचा तर तुम्ही एका जागी मुक्कामाला असताना, तीन-चार तासांत आलेख त्या रोजच्या भरतीओहोटीपेक्षा जास्त घसरला तर मग हवेत काहीतरी शिजतंय.

अजून एक, दाबाच्या सेन्सरला केसच्या बाजूला बारीक छिद्र किंवा जाळी असते. घाम, सनस्क्रीन आणि लाल माती मिळून तिथे पेस्ट बसते, मग आकडा अडकून राहतो आणि एकदम उडी मारतो. साध्या पाण्याखाली धरा, मऊ ब्रशने हलकं पुसा. टाचणी, सेफ्टी पिन, उदबत्तीची काडी, यातलं काहीही आत घालू नका. आत पातळ पडदा असतो, तो फाटला की मी पण काही करू शकत नाही.

तापमानाचं तर दोन ओळींत संपतं. मनगटावर असताना ते तुमचं तापमान मोजतंय, हवेचं नाही. काढा, पुसा, सावलीत बॅगेच्या पट्ट्याला अडकवून वीस-तीस मिनिटं ठेवा, मग वाचा. तरी दोन अंश इकडेतिकडे चालायचंच.

कंपास बाइकवर, लोखंडी बाकावर, मोबाईलच्या चुंबकवाल्या कव्हरजवळ, स्पीकरपाशी, कुठेच नाही. मोकळ्या जागेत जमिनीला समांतर धरून दोन-टोकी कॅलिब्रेशन करा, एकदा एका दिशेला, मग बरोबर १८० अंश फिरवून दुसऱ्यांदा. फिरवताना लोकांचा हात तिरका होतो, म्हणून मी लाकडी पाटावर घड्याळ ठेवून पाटावरच पेन्सिलीने रेघ मारून फिरवतो. खरी उत्तर दिशा आणि चुंबकीय उत्तर दिशा यातला फरक आपल्याकडे एखाद्या अंशाचा, त्याची सेटिंग शून्य ठेवली तरी टेकडी चुकत नाही.

आता जीपीएसवाल्या सोलरचं. गार्मिनचं इन्स्टिंक्ट २ सोलर घ्या उदाहरणाला, २०२२ चं. साध्या वापरात बॅटरी अमर्याद असं कंपनी म्हणते आणि त्यात खोटं काही नाही, पण खाली अट वाचा, रोज ३ तास ५०,००० लक्समध्ये. फुल बाह्या घालून एसी ऑफिसात बसणाऱ्याला ३ तास ऊन रविवारशिवाय कुठून मिळणार. आणि जीपीएस चालू केला की ३० तास, पूर्ण वेळ ऊन मिळालं तर ४८. म्हणजे तुमच्या सध्याच्या घड्याळात सोलर हा पगार आहे, सगळं घर त्यावर चालतं. जीपीएसवाल्यात तो महागाई भत्ता, आला तर छान, पण केबल घरात ठेवावीच लागते. शिवाय पाठीमागचा हिरव्या लाइटचा हृदयाचे ठोके मोजणारा सेन्सर आणि रात्रभर ऑक्सिजन मोजणं चालू ठेवलं तर भत्ता तिथेच संपतो. ते ठोके पण चढताना काठी टेकत असाल, पट्टा सैल असेल, तर बरेचदा पावलांचीच लय मोजतात, खरे हवे असतील तर छातीचा पट्टा. रस्त्याचा ट्रॅक नोंदवायचा असेल, अनोळखी जंगलात फिरायचं असेल, तर जीपीएसवालं घ्या, मी नाही म्हणत नाही. जानापाव, रालामंडल, पाताळपाणी आणि वर्षातून एकदा सह्याद्री, याच्यासाठी हातात आहे ते पुरून उरतं.

तर आधी होम सिटी दिल्ली, मग ताटात तीन दिवस ऊन, आणि तरीही एम वर अडकलं तर दुकानात घेऊन या, झाकण तुमच्यासमोरच उघडू. येताना सोमवार टाळा, बंद असतं.